वेगाचं चलान आणि कोर्टाची पायरी

तालुक्याच्या कोर्टात वाहतुकीच्या खटल्यांचा पुकारा चालू होता. एक पिकपवाला पुढे आला. चपला दाराशी काढलेल्या, टोपी हातात, शर्टाच्या खिशात घडी घातलेलं समन्स. आरोप वाचला गेला: अमुक तारखेला, अमुक ठिकाणी, मर्यादा ६० असताना वेग ७८. मग नेहमीचा प्रश्न आला, गुन्हा कबूल आहे का? तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “तुम्हीन म्हंतस ते व्हई, सायेब.” दंड झाला, पावती फाटली, पुढचं नाव पुकारलं गेलं. ते उत्तर मात्र डोक्यातून जात नाही, कारण ते होकार नव्हतं आणि नकारही नव्हतं. त्या माणसाला खरोखरच माहीत नव्हतं की त्या दिवशी त्याची गाडी ७८ ने चालली होती की नाही. चलानाचा फोटो त्यानं पाहिलेला नव्हता, मोजणाऱ्या यंत्राबद्दल कुणाला विचारलेलं नव्हतं, रस्त्यावर ६० ची पाटी होती का हेही त्याला आठवत नव्हतं. कोर्टानं प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर त्यानं कोर्टावरच सोपवलं होतं.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, हे आपल्याकडे लहानपणापासून कानावर पडतं. जमिनीच्या वाटणीत तीन पिढ्या तारखा केलेली घरं खान्देशातल्या प्रत्येक गावात असतात, त्यामुळे ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही. वेगाच्या चलानाबाबत म्हणून दोनच रीती दिसतात. नोकरदार माणूस मेसेज आला की मोबाईलवरच पैसे भरतो आणि विसरतो. गाडीवर पोट असलेला माणूस चलानं साचू देतो आणि पासिंगच्या किंवा गाडी विकायच्या वेळी सगळी एकदम बाहेर आली की डोक्याला हात लावतो. या दोन्ही रीतींत चलान हा निकाल आहे असं धरलेलं असतं. प्रत्यक्षात तो आरोप असतो. तो सिद्ध करायची जबाबदारी आरोप करणाऱ्यावर असते आणि तो नाकारण्यात उद्धटपणा नाही, चोरवाटही नाही. मात्र नाकारायचा तर पूर्ण अभ्यास करून. त्या अभ्यासात आपलीच चूक निघाली, तर ती सरळ कबूल करायची तयारीही हवी.

कारण वेग इथे खरोखर माणसं मारतो. नवापूरकडून येणारा राष्ट्रीय महामार्ग ५३, ज्याला आपण अजूनही सहा नंबरचा हायवे म्हणतो, कोंडाईबारीचा घाट उतरून साक्री, धुळे, पारोळा, एरंडोल करत जळगावात शिरतो आणि बांभोरीचा पूल, आकाशवाणी चौक, इच्छादेवी, अजिंठा चौफुली अशा भर वस्तीतून जातो. एका बाजूला विद्यापीठ, दुसऱ्या बाजूला कारखाने, मधे सायकलवर शाळेची मुलं. रात्री कापसानं फुगलेले, मागचा दिवा नसलेले ट्रॅक्टर आणि केळीच्या गाड्या याच रस्त्यावर असतात. ६० ने जाणाऱ्या गाडीपेक्षा ८० ने जाणाऱ्या गाडीत पावणेदोन पटींहून जास्त ऊर्जा असते. ब्रेकवर पाय जाईपर्यंतच्या एका सेकंदात ती बावीस मीटर पुढे गेलेली असते. रस्त्याकडेला वाळलेले हार लटकवलेले खांब पाहिले की कॅमेरे लावणाऱ्यांबद्दल मनात राग उरत नाही. कॅमेरे हवेत. स्पीड गन घेऊन मे महिन्याच्या उन्हात उभा असलेला हवालदार हवा. त्याचं मोजमाप खरं असावं, एवढीच अपेक्षा.

पहिलं काम साधं आहे, फोटो पाहणं.

राज्याच्या ई-चलान संकेतस्थळावर किंवा महाट्रॅफिक अ‍ॅपवर गाडीचा क्रमांक आणि चॅसी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे ४ अंक टाकले की चलान उघडतं. मेसेजमधल्या लिंकवर बोट ठेवू नये. व्हॉट्सअ‍ॅपवर चलानाच्या नावानं फाईल येते आणि ती उघडली की बँकेचं खातं रिकामं होतं, हे प्रकार सर्रास चालू आहेत. सरकारी पत्ता ‘गव्ह डॉट इन’नं संपतो, तो स्वतः टाइप करावा. चलान उघडल्यावर फोटोसकट त्याची छापील प्रत काढून ठेवावी. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये १६७-अ हा नियम आला. यंत्रानं आपोआप काढलेल्या चलानासोबत काय काय असलं पाहिजे, हे त्यात स्पष्ट लिहिलं आहे. गुन्हा आणि नंबरप्लेट दिसेल असा स्वच्छ फोटो, यंत्रानं केलेलं मोजमाप, तारीख-वेळ-ठिकाण, कोणतं कलम मोडलं त्याची नोटीस, आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र. नोटीस घटनेपासून १५ दिवसांत निघाली पाहिजे आणि प्रकरण निकाली निघेपर्यंत मूळ नोंद जपून ठेवली पाहिजे, हेही त्याच नियमात आहे. घटनेची तारीख आणि नोटिशीची तारीख शेजारी शेजारी लिहून दिवस मोजावेत. पंधराव्या दिवसानंतरच्या नोटिशीनं प्रकरण आपोआप रद्द होतं असं समजू नये. तो मुद्दा मांडावा लागतो, आणि इतर मुद्द्यांच्या जोडीला मांडला तर त्याला वजन येतं. बऱ्याचदा मेसेज वेळेत निघालेला असतो, पण आरटीओत नोंदलेला मोबाईल क्रमांक जुना असतो. शोरूमवाल्यानं स्वतःचाच क्रमांक टाकून दिलेल्या गाड्याही असतात. तो परिवहनच्या पोर्टलवर बदलून घेणं हे चलान यायच्या आधीचं काम आहे.

फोटोत गाडी आपलीच आहे का? हा प्रश्न बावळटपणाचा वाटतो, पण लढून सुटणारी प्रकरणं बहुधा इथेच सापडतात. फोटोत पांढरी कार आणि नोंदणी निळ्या पिकपची, असं दिसलं तर अंकांचं वाचन चुकलेलं असतं, ८ चा ३ किंवा १ चा ७ झालेला असतो. क्रमांक बरोबर आणि गाडीचा प्रकारही तोच, पण कॅरिअर वेगळं, बंपर वेगळा, काचेवरचं नाव वेगळं, असं असेल तर कुणीतरी आपला क्रमांक लावून फिरतं आहे. अशा वेळी चलानाआधी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी आणि पोहोच घ्यावी, कारण उद्या तीच गाडी अपघातात किंवा गांजाच्या वाहतुकीत सापडली तर पोलीस आपल्या दारात येतील. आपली गाडी त्या वेळी दुसरीकडे होती हे दाखवायला फास्टॅगचं स्टेटमेंट फार उपयोगी पडतं. त्यात टोलनाक्याचं नाव आणि वेळ असते. चलान नवापूरजवळचं दुपारी दोनचं आणि त्याच सुमाराला आपली गाडी लळिंगच्या किंवा सोनगीरच्या नाक्यावर असेल, तर आणखी फार बोलावं लागत नाही. पण फास्टॅगवरून दुसरं काही सिद्ध करायला जाऊ नये. दोन नाक्यांमधला सरासरी वेग ५५ निघाला म्हणून मधे कुठे ९० झालाच नाही असं ठरत नाही. ढाब्यावर अर्धा तास थांबलेल्या गाडीची सरासरीही कमीच येते.

मग मर्यादा. इथे चालकांचा सर्वात मोठा गैरसमज आहे, आणि तो त्यांच्या बाजूचा नाही. एका रस्त्याला एकच मर्यादा असते असं धरलं जातं. केंद्र सरकारच्या एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेनं वाहनाच्या वर्गानुसार वेगळ्या कमाल मर्यादा ठरवल्या. दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर कारला १००, मालवाहू गाडीला ८०, मोटारसायकललाही ८०, तीनचाकीला ५०. साध्या दुपदरी रस्त्यावर कारला ७०, मालवाहू गाडीला ६०, मोटारसायकलला ६०. म्हणजे चोपड्याहून धरणगावकडे दुपदरी रस्त्यानं कार ६८ ने गेली तर ती मर्यादेत आणि तिच्या मागून त्याच वेगानं आलेली पिकप मर्यादेबाहेर. पिकप कायद्यानं हलक्या वाहनांत मोडते म्हणून तिचा दंड कारसारखा हलका, पण वेगाची मर्यादा मालवाहू गाडीची. त्या कोर्टातल्या माणसाचा ६० आकडा बहुधा इथूनच आलेला असणार. उलट बाजूनं, कारच्या चलानावर चुकून मालवाहू गाडीची मर्यादा धरलेली असेल तर तो सरळ जिंकायचा मुद्दा आहे. चलानावरची मर्यादा, आरसी बुकातला वाहनाचा वर्ग आणि रस्त्याचा प्रकार या तीन गोष्टी जुळवून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

या कमाल मर्यादेपेक्षा कमी मर्यादा राज्य सरकार किंवा त्यानं अधिकार दिलेली यंत्रणा लावू शकते. घाटात, शाळेपाशी, पुलावर ती लावलीच पाहिजे. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ११२ त्यासाठी दोन गोष्टी मागतं, राजपत्रात अधिसूचना आणि रस्त्यावर योग्य जागी पाटी. पाटी आहे पण अधिसूचना नाही, किंवा अधिसूचना आहे पण पाटी नाही, तर कमी केलेली मर्यादा अर्धवट राहते. एका महिन्यापेक्षा जास्त चालणार नसलेल्या निर्बंधाला तेवढी अधिसूचनेतून सूट आहे. याच महामार्गावरच्या फागणे ते तरसोद पट्ट्यात चौपदरीकरण वर्षानुवर्षं चाललेलं ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना या एका महिन्याचं महत्त्व लगेच कळेल. वळणरस्ता बंद होतो, डांबर पडतं, पांढरे पट्टे मारले जातात आणि कामाच्या वेळची ४० ची पाटी वेड्या बाभळीच्या झुडपात तशीच उभी राहते. त्या पाटीवरून चलान झालं असेल तर ती कुणी, कधी, कोणत्या आदेशानं लावली, हे विचारायचा पूर्ण हक्क आहे. यासाठी जागेवर लवकर जावं, कारण पाट्या हलतात, पडतात, नव्या लागतात. आपण ज्या दिशेनं येत होतो त्याच दिशेनं, चालकाच्या डोळ्याच्या उंचीवरून फोटो घ्यावेत. जवळचा किलोमीटरचा दगड फोटोत यावा, राष्ट्रीय महामार्गाचा असेल तर त्याचा माथा पिवळा असतो, राज्यमार्गाचा हिरवा. कॅमेऱ्याच्या आधी इथे यंत्रानं तपासणी होते अशी सूचना देणारा फलक हवा, हेही नियम १६७-अ मध्ये आहे. फलक नसेल तर नसलेल्या जागेचाही फोटो घ्यावा, सुरुवातीपासून कॅमेऱ्यापर्यंत सलग व्हिडिओ घेतला तर त्याहून चांगलं.

यंत्राबद्दल चावडीवर बरंच बोललं जातं आणि त्यातलं निम्मं चुकीचं असतं. सर्वात लाडका युक्तिवाद असा, की पोलीस रस्त्याच्या कडेला तिरपे उभे होते म्हणून वेग जास्त आला. गणित नेमकं उलटं आहे. उभ्या यंत्रानं तिरप्या कोनातून मोजलं तर वेग कमी दिसतो. १० अंशांच्या कोनात १०० चा वेग सुमारे ९८ दिसतो, २० अंशांत ९४. म्हणजे कोनाचा फायदा चालकालाच होतो आणि तो मुद्दा कोर्टात काढला तर आपला वेग नोंदीपेक्षाही जास्त होता असं आपणच सांगितल्यासारखं होतं. खऱ्या चुका वेगळ्या असतात. लेझरची स्पीड गन अदृश्य प्रकाशाचे झोत सेकंदाला शेकडोंनी सोडते आणि ते परत यायला लागणाऱ्या वेळेवरून अंतर कसं घटतंय ते पाहते. मोजमाप सेकंदाच्या काही भागात होतं. हातात धरलेल्या गनचा नेम त्या तेवढ्या वेळात काचेवरून घसरून पुढच्या नंबरप्लेटवर आला, तर गाडी जेवढी पुढे आली त्यापेक्षा मीटरभर जास्त पुढे आली असं यंत्राला वाटू शकतं. ०.३ सेकंदात एक मीटरची चूक म्हणजे ताशी १२ किलोमीटर. चांगली यंत्रं असं विसंगत मोजमाप टाकून देतात, तरी गन तिपाईवर होती की हातात, नेम कुठे धरला होता, हे प्रश्न त्यासाठीच विचारायचे असतात. दुसरी चूक अंतराची. लेझरचा झोत जसा लांब जातो तसा पसरतो, तीनशे मीटरवर तो साधारण मीटरभर रुंद झालेला असतो. रडारचा झोत तर कितीतरी रुंद. कंटेनरच्या बाजूनं जाणाऱ्या पिकपचा वेग म्हणून कंटेनरचाच वेग नोंदला गेला, हे लांबच्या अंतरावर आणि गर्दीत होऊ शकतं. फोटोत दोन वाहनं शेजारी असतील आणि छापलेलं अंतर मोठं असेल, तर तो फोटो मोठा करून घ्यावा.

गाडीचा स्पीडोमीटर हा पुरावा म्हणून कच्चा. कंपन्या तो खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्तच दाखवेल असा बसवतात, त्यामुळे काटा ६० वर असताना गाडी बहुधा ५६-५७ ने चालत असते. पण पिकपला माल जास्त बसावा म्हणून मोठे टायर घातले की हिशोब फिरतो. चाकाचा घेर वाढतो, एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते आणि काटा मात्र जुन्या घेरावरूनच सांगत राहतो. ज्यांची चलानं वारंवार येतात आणि जे शपथेवर सांगतात की काटा साठच्या पुढे गेलाच नव्हता, त्यांनी आधी टायरवरचे आकडे आरसीशी जुळवून पाहावेत. मोबाईलवरच्या जीपीएसनं सपाट सरळ रस्त्यावर ताडून पाहिलं की लगेच कळतं.

प्रमाणपत्रं मात्र हक्कानं मागावीत. वेग मोजणाऱ्या यंत्राला राज्यानं नेमलेल्या प्राधिकरणाचं मान्यता प्रमाणपत्र लागतं आणि त्याचं दरवर्षी नूतनीकरण व्हावं लागतं. रडारच्या यंत्रांसाठी वैधमापन नियमांत वेगळी तरतूद झाली आहे, १ जुलै २०२५ पासून त्यांची पडताळणी आणि शिक्का बंधनकारक आहे. बाजारसमितीतल्या काट्याला वजनमापवाल्यांचा शिक्का लागतो आणि तो नसेल तर शेतकरी भांडतो. स्पीड गनलाही तोच न्याय. हे कागद मिळवायचा मार्ग माहितीचा अधिकार. जोडपत्र ‘अ’ मधला अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. त्यात लांबलचक गाऱ्हाणं लिहू नये, तिथेच अर्ज फसतो. चलान क्रमांक देऊन यंत्राचा अनुक्रमांक, घटनेच्या दिवशी लागू असलेलं मान्यता प्रमाणपत्र, शेवटच्या तपासणीचा अहवाल आणि त्या ठिकाणच्या वेगमर्यादेची अधिसूचना, एवढ्याच प्रती मागाव्यात. उत्तराला ३० दिवस असतात. उत्तर आलं नाही तर तेही कोर्टात दाखवता येतं.

आता क्रम. आधी संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर तक्रार नोंदवावी, फोटो आणि फास्टॅगची नोंद जोडावी. गाडीच चुकीची असेल तर प्रकरण बहुतेक इथेच मिटतं. मर्यादा, पाटी किंवा यंत्र याबद्दलचा वाद इथे क्वचितच सुटतो. तक्रार फेटाळली गेली की जिल्ह्याच्या वाहतूक शाखेला लेखी अर्ज द्यावा की दंड मान्य नाही, प्रकरण न्यायालयात पाठवावं, आणि त्याची शिक्क्याची पोहोच घ्यावी. चलान आभासी, म्हणजे ऑनलाइन चालणाऱ्या न्यायालयाकडे गेलेलं असेल तर त्याच्या पोर्टलवर दंड भरणं आणि खटला लढवणं असे दोन पर्याय दिसतात. लढवण्याचा निवडून मोबाईलवरचा ओटीपी टाकला की प्रकरण हद्दीच्या नेहमीच्या कोर्टात येतं. इथे लोक घाईत पैसे भरण्याचं बटण दाबतात. पैसे भरले की तडजोड झाली, मग लढायला काही उरत नाही. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एक गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. तडजोडीनं दंड भरला तरी तो गुन्हा आधी केलेला गुन्हा म्हणूनच मोजला जातो. वेगाच्या दुसऱ्या गुन्ह्यात लायसन्स जप्त होण्यापर्यंत पाळी येते. ज्याचं पोट स्टिअरिंगवर आहे त्याच्यासाठी दोन हजार रुपयांपेक्षा हे कितीतरी महाग आहे.

मुदतीचाही एक मुद्दा आहे. ज्या गुन्ह्याला फक्त दंडाचीच शिक्षा आहे त्याची दखल कोर्टानं ६ महिन्यांच्या आत घ्यावी लागते. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम ४६८ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ५१४ मध्ये आहे. कारण पटलं तर कोर्ट उशीर माफ करू शकतं. तरी दोन-तीन वर्षांपूर्वीच्या चलानाचं समन्स आज आलं असेल तर पहिल्याच तारखेला हा मुद्दा लेखी मांडावा.

कोर्टाच्या दिवशी अकराच्या आधी पोचावं. बाहेर लिंबाखाली टायपिंगवाले, झेरॉक्सची टपरी, स्टॅम्प विकणारे, काळे कोट खांद्यावर टाकून घाम पुसणारे वकील. आत जुन्या कागदांचा आणि फाईल बांधायच्या लाल फितीचा एक कोरडा वास असतो. बोर्डावर आपला क्रमांक पाहून घ्यावा, ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर सीएनआर क्रमांक, म्हणजे खटल्याचा ओळख क्रमांक, टाकला तर तो आदल्या रात्रीही कळतो. पुकाऱ्याला हजर नसलं आणि गैरहजेरी माफीचा अर्जही दिलेला नसला तर वॉरंट निघू शकतं, म्हणून चहाला लांब जाऊ नये. वकील हवाच असं नाही, स्वतःची बाजू स्वतः मांडता येते आणि खालच्या कोर्टांचं काम मराठीतच चालतं. आरोप समजावून सांगितल्यावर प्रश्न येईल. नाकबूल असेल तर ‘गुन्हा कबूल नाही’ एवढंच म्हणावं, तिथेच पाटी, बाभूळ आणि यंत्र यांची कथा सुरू करू नये. त्याची वेळ पुढे आहे. पुराव्याची तारीख पडते, सरकारी पक्ष साक्षीदार आणतो, मग उलटतपासणी. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ मध्येच लिहिलं आहे की एका साक्षीदाराच्या अंदाजावरून कुणाला वेगासाठी दोषी धरता येत नाही, त्या अंदाजाला यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणाचा आधार हवा. म्हणून सगळे प्रश्न उपकरणाभोवती ठेवावेत. त्या दिवशी ते कुणी चालवलं, त्याचं प्रशिक्षण कुठे झालं, काम सुरू करण्याआधीची तपासणी नोंदवहीत आहे का, नेम किती अंतरावर धरला, फोटोत दुसरं वाहन आहे का, मर्यादेची अधिसूचना सोबत आणली आहे का. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं, एक यंत्राचा ताबा असणाऱ्याचं आणि दुसरं तज्ज्ञाचं. दुसरा भाग जोडलेला आहे का ते पाहावं. आवाज चढवायचा नाही. साक्ष देणारा हवालदार रात्रपाळी करून आलेला असतो, त्याच्याशी आपलं वैर नाही. ‘दादा, ही तारीख वाचून दाखवता का?’ असं म्हणून कागद त्याच्या हातात दिला तरी उलटतपासणी नीट होते.

सगळं तपासून आपला वेग खरोखर जास्त होता असं दिसलं तर लढू नये. हलक्या वाहनाला कायद्यातला दंड १ हजार ते २ हजार, मध्यम आणि अवजड वाहनाला २ ते ४ हजार. त्यासाठी चार तारखा आणि चार दिवसांची मजुरी घालवणं परवडत नाही. नवापूरचा माणूस भुसावळच्या हद्दीतल्या चलानासाठी कोर्टात येणार असेल तर भाड्यातच दंड निघून जातो. अशांसाठी कायद्यात कलम २०८ ची सोय आहे. समन्सवर रक्कम लिहिलेली असेल तर तेवढी मनीऑर्डर करून, कूपनावर गुन्हा कबूल असल्याचं लिहून, कोर्टात न येता प्रकरण संपवता येतं. लोकअदालत हा आणखी एक मार्ग, पण तो लढणाऱ्यांसाठी नाही. तिथे पुरावा तपासला जात नाही, तडजोड होते आणि तिच्यावर अपील नसतं. ज्यांना लढायचं आहे पण वकील परवडत नाही त्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावं. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता तिथे मोफत वकील मिळतो. नंदुरबार जिल्ह्यात निम्म्याहून खूप जास्त लोकसंख्या आदिवासी आहे, अक्कलकुवा-धडगावचे कितीतरी तरुण सुरतेच्या भाजीच्या गाड्या चालवतात आणि ही सोय त्यांच्यापर्यंत पोचलेली दिसत नाही, याचं वाईट वाटतं.

त्या गाड्या एवढ्या का पळतात, हेही कधीतरी विचारायला हवं. भाजी पहाटेच्या बाजाराला लागली नाही तर भाव पडतो आणि पडलेला भाव चालकाच्या भाड्यातून कापला जातो. हाताखालच्या माणसाला मर्यादेपेक्षा जास्त वेगानं गाडी हाकायला लावणाऱ्यालाही कलम १८३ लागू होतं. मर्यादा न मोडता जो प्रवास होऊच शकत नाही, त्याची वेळ बांधून देणं हा त्याविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा ठरू शकतो. हे वाक्य कायद्यात आहे, पण पोचायच्या वेळा फोनवर सांगितल्या जातात आणि समन्स मात्र चालकाच्या किंवा गाडीमालकाच्या नावावर निघतं. व्यापाऱ्याचा ‘चारच्या आत’ असा मेसेज चालकानं पुसू नये, एवढं तरी सांगता येईल.

विकलेल्या गाडीचं चलान हा आपल्याकडचा वेगळाच ताप आहे. गाडी सेंधव्याला किंवा बऱ्हाणपूरला जाते, खरेदीचा कागद शंभराच्या स्टॅम्पवर होतो आणि नोंदणी जुन्या मालकाच्याच नावावर राहते. चलानं त्याच्याकडे येतात. स्टॅम्पचा कागद कोर्टात थोडाफार कामाला येतो, पण खरा बचाव विक्रीची खबर देणाऱ्या फॉर्म २९ ची पोहोच. राज्यातल्या राज्यात विक्रीची खबर आरटीओला १४ दिवसांत द्यायची असते, परराज्यात गेली तर ४५ दिवसांत, आणि त्यासाठी ना-हरकत प्रमाणपत्र घ्यायचं असतं. हे कागद नसतील आणि पोलिसांनी त्या वेळी गाडी कोण चालवत होतं हे विचारलं, तर कलम १३३ नुसार मालकाला नाव-पत्ता सांगावाच लागतो. खरेदीदाराच्या आधार कार्डाची झेरॉक्स आणि फोन क्रमांक जपून ठेवलेला असला तर निदान ते उत्तर देता येतं.

निर्दोष सुटका झाली की लोक पेढे वाटून घरी जातात आणि चलान संकेतस्थळावर तसंच थकीत दिसत राहतं. कोर्टाचा निकाल आपोआप तिथे पोचेलच असं धरू नये. निकालाच्या प्रमाणित प्रतीसाठी त्याच दिवशी अर्ज करावा, दोन प्रती मागाव्यात. एक वाहतूक शाखेत पत्रासोबत देऊन पोहोच घ्यावी, दुसरी गाडीच्या कागदांत ठेवावी. पंधरा-वीस दिवसांनी क्रमांक टाकून पुन्हा पाहावं, आणि नोंद गेली नसेल तर पोहोच दाखवून पुन्हा मागे लागावं. निकाल विरुद्ध गेला तर सत्र न्यायालयात अपिलाला ३० दिवस असतात. प्रमाणित प्रत मिळायला लागलेले दिवस त्या ३० दिवसांत मोजले जात नाहीत, म्हणून प्रतीवरची अर्जाची तारीख आणि प्रत तयार झाल्याची तारीख बरोबर लिहिली आहे ना, हे खिडकीवरून हलण्याआधीच तपासून घ्यावं.